मामाजींच्या संत्र्यांचा स्पीड

चहा आधी संपवून घ्या. ऐकता ऐकता ठसका लागला तर दोष माझ्यावर येईल, आणि माझ्या नावावर सध्या आहेत तेवढे दोष पुरेसे आहेत. मी काय केलं माहीत आहे? आपल्या चांगल्या धडधाकट सासऱ्याला म्हातारं केलं. हो, स्वतःच्या हातानं. एका टिचकीत! आणि वरून त्याच म्हातारपणावर त्यांना फोनवर प्रवचनही दिलं, तेही फुकट. वकील माणूस फुकट काही देत नाही हो, पण सासऱ्यापुढे इलाज नसतो.

मी अकोल्याचा. जठारपेठेत घर, कोर्टात दिवाणी दावे. बार रूममध्ये माझी अशी ख्याती आहे की याला कॉम्प्युटरमधलं कळतं. ती कशी झाली ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. एकदा बार रूमचा प्रिंटर अडला होता. मी तो बंद केला आणि परत चालू केला. चालला! बस्स, तेव्हापासून कोणाचाही मोबाईल अडकला की मला हाक येते, आणि मीही चष्मा कपाळावर चढवून असा काही पाहतो की जणू ते मशीन माझ्याच मांडीवर खेळून मोठं झालंय.

सासर अमरावतीचं, राजापेठेतलं. सासरे म्हणजे मामाजी. गणिताचे मास्तर, आता रिटायर. माणूस अंगानं किडकिडीत, पण हाताचा चपळ किती म्हणाल? वर्गात मागच्या बाकावर कोणी पेंगला की हे फळ्याकडे तोंड करून उभे असतानाच मागे खडू भिरकावायचे, आणि तो बरोबर त्याच पोट्ट्याच्या कपाळावर बसायचा. अमरावतीत आजही चांगले केस पिकलेले लोक त्यांना रस्त्यात पाहिलं की आधी कपाळ झाकतात आणि मग नमस्कार करतात.

राजापेठेत संध्याकाळी ट्युशनची पोरं सुटली की रस्ता कसा होतो ते पाहिलंय ना तुम्ही? त्या गर्दीतून हा सत्तरी ओलांडलेला माणूस स्कूटर काढायचा, मागे मामीजी बसलेल्या. मामीजी घरून निघताना डोळे मिटायच्या ते थेट भाजीबाजारात उघडायच्या.

या मामाजींना नाद एकच. शाळेनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा त्यातला एक त्यांनी घरी आणला होता, आणि त्यात एक गेम होता. साधा. वरून गोळे पडतात, खाली टोपली असते, ती डावीकडे-उजवीकडे सरकवायची आणि गोळे झेलायचे. तीन हुकले की खेळ खलास. गेम बनवणाऱ्यानं ते कशाचे गोळे काढले होते देव जाणे, पण अमरावतीच्या माणसाला नारिंगी गोल काही दिसलं की ते संत्रंच. म्हणून घरात त्याचं नाव संत्र्याचा गेम.

रोज दुपारी चहा झाला की मामाजी संत्री झेलायला बसायचे आणि शेजारी खाटेवर मामीजी भाजी निवडत बसायच्या. मध्येच मामाजी म्हणायचे, 'आज एकबी खाली पडू देल्ला नाई.' मामीजी म्हणायच्या, 'मंग आणा इकडं, रस काढतो.' वर्षानुवर्षं हाच संवाद, आणि दोघंही दरवेळी हसायचे. मला त्यांच्या या हसण्याचा हेवा वाटायचा, खरं सांगतो.

उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर मेला. लाइट गेली, आली, परत गेली, आणि मशीनमधून करपल्यासारखा वास आला. माझा साळा अभय पुण्याला असतो. त्यानं लगेच नवाकोरा लॅपटॉप पाठवला. लॅपटॉपमध्ये सगळं होतं, फक्त संत्री नव्हती. मामाजी दुपारचा चहा घ्यायचे आणि भिंतीकडे पाहत बसायचे.

अशात अधिक महिना लागला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना, हे काय तुम्हाला सांगायचं? बोलावणं आलं. मी आणि वैशाली, म्हणजे आमची बायको, गाडी काढून अमरावतीला गेलो.

आता आमच्या सासरी जवायाचा मान कसा असतो ते एकदा नीट ऐका, कारण सगळं गाडं तिथंच अडलं. जवाई म्हणाला वरणात मीठ जास्त झालं, तर अख्खं घर म्हणतं जास्त झालं. जवाई म्हणाला कमी आहे, तर त्याच वरणात मीठ कमी. एकदा बोलण्याच्या भरात मी त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज चुकीची सांगितली. समोर गणितात उभा जन्म घालवलेला माणूस! क्षणभर त्यांचा हात खडू शोधत असल्यासारखा हलला. मग मान डोलावली आणि म्हणाले, 'असू शकते.'

तर त्या दिवशी वैशालीनं माझ्या कानात सांगितलं की बाबांचा गेम नव्या लॅपटॉपवर चालतो का ते पाहा ना, ते फार उदास झालेत. मी म्हणालो, गेमच ना? त्यात काय एवढं! पानं वाढेपर्यंत करून देतो.

मामाजींनी देवघराच्या कपाटातून त्या गेमची जपून ठेवलेली फ्लॉपी काढून आणली. फ्लॉपी म्हणजे ती जुनी काळी चौकोनी चकती, तुमच्यातल्या तरण्याताठ्यांनी पाहिली नसेल. रेशमी फडक्यात गुंडाळलेली. नव्या लॅपटॉपला ती घालायला तोंडच नाही! मग राजापेठेतल्या एका दुकानात जाऊन ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. गेमवर टिचकी मारली. लॅपटॉप म्हणाला, हा प्रोग्राम या मशीनवर चालणार नाही. मी उजवी टिचकी मारून त्याला म्हटलं, बाबा, जुन्या पद्धतीनं चालव. तो तरीही नाहीच म्हणाला. साक्षीदार फुटावा तसा मला घाम फुटला, कारण मागे अख्खं घर उभं होतं आणि मी आधीच 'त्यात काय एवढं' म्हणून बसलो होतो.

शेवटी इंटरनेटवर इलाज सापडला. एक छोटा प्रोग्राम असतो, तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात खोटाखोटा जुना कॉम्प्युटर बसवतो. मग जुन्या गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो बिनबोभाट चालतो. मी तो घेतला. बसवता बसवता त्यानं मला विचारलं, स्पीड किती ठेवायचा? एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त.

आता सांगा. मी वऱ्हाडातला माणूस. आम्ही पाहुण्याला विचारतो का, तूप किती वाढू? धार धरतो आणि पाहुणा ताटावर आडवा हात घालेपर्यंत थांबत नाही. हात घातला तरी बोटांच्या फटीतून वाढतो! आणि इथं तर सासऱ्याचं काम. सासऱ्याला काय मी कमी स्पीड देऊ? लोक काय म्हणतील? मी छाती फुगवून 'जास्तीत जास्त'वर टिचकी मारली.

पडदा काळा झाला आणि टोपली आली. वर गेमचं नाव, खाली इंग्रजीत लिहिलेलं की कोणतंही बटण दाबा. मामाजींचे डोळे असे चमकले म्हणता! मामीजींनी पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात आतून पानं वाढल्याची हाक आली. मामाजी म्हणाले, जवाईबुवा, आधी जेवण, थंड होऊन राहिलं. झालं. पुरणाचे धोंडे, अनारसे, वर तूप. मी जेवलो, आडवा झालो, उठून चहा घेतला, आणि निघालो अकोल्याला.

कोणतंही बटण मी दाबलंच नाही. गेम एकदाही खेळून पाहिला नाही. म्हणजे दावा लिहायचा, सही ठोकायची, आणि वाचायचा नाही! एखाद्या ज्युनिअरनं असं केलं असतं तर मी त्याला कोर्टाच्या आवाराबाहेर काढलं असतं.

चार-पाच दिवसांनी मी ऐटीत फोन केला. मामाजी, गेम कसा काय? ते म्हणाले, 'झकास. लय जोरात चालते, जवाईबुवा.' मी खूश. बार रूममध्ये सगळ्यांना सांगितलं, जुना गेम नव्या मशीनवर चालवणं म्हणजे काही खायचं काम नाही. दोघा-तिघांनी माना डोलावल्या, एकानं चहा पाजला.

इकडे अमरावतीत काय चाललं होतं? मामाजींनी त्या दिवशी आम्ही गेल्यावर बटण दाबलं. डोळा लवायच्या आत तीन संत्री खाली. खेळ खलास. त्यांना वाटलं, सवय मोडली. परत दाबलं. खलास. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. टोपलीला हात लावायच्या आधीच खेळ आटपलेला असायचा. आता जवायानं करून दिलेला गेम चुकीचा असू शकतो ही गोष्ट त्या घरात कोणाच्या डोक्यात शिरणारच नव्हती. मग चुकीचं कोण राहिलं? ते स्वतः.

आधी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं सांगितलं डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे दोष हाताचा, हे नक्की झालं! त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरू लागले. आणि एके दिवशी स्कूटर अंगणात नेली, पुसली, तिच्यावर ताडपत्री घातली आणि दोरीनं बांधून टाकली. ज्या माणसाच्या डोळ्यासमोर पडणारं संत्रं टोपलीत येत नाही, तो ब्रेक काय वेळेवर दाबणार? गणिताचा माणूस, हिशोब सरळ होता.

वैशाली मला हे सांगायची तेव्हा मी काय करत होतो म्हणता? मी अकोल्यातून चांगली मुठीची काठी विकत घेतली आणि त्यांना पाठवून दिली. हसा, हसा. पुढे अजून आहे.

मग नसांच्या मोठ्या डॉक्टरकडे तपासणी झाली. डोळे मिटून नाकाला बोट लावा, सरळ रेषेत चाला, हे सगळं मामाजींनी चोख केलं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे सगळं उत्तम आहे. मामाजींनी पहिला शब्द ऐकला आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं. घरी येऊन खाटेवर बसले आणि मामीजींना म्हणाले, वय झालं आपलं.

त्या दिवशी मी फोन केला तो प्रवचनाचाच. म्हणालो, मामाजी, शरीर आहे, आज ना उद्या थकणारच. माणसानं ते मोठ्या मनानं स्वीकारलं पाहिजे. हट्ट करू नये. मी जवळजवळ अर्धा तास बोललो. पलीकडून 'हो जी, बरोबर आहे' एवढंच येत होतं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला की काय समजूतदार जावई मिळालाय यांना!

आणि मामाजींनी खरंच मोठ्या मनानं स्वीकारलं. अभयला फोन करून सांगितलं की आम्हाला घेऊन जा, आता आमच्यानं इथं होत नाही. राजापेठेतलं घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं, जे काय ते तू पाहा. आणि मला सांगितलं की अभयच्या नावानं घराचं मुखत्यारपत्र करून आणा.

हे ऐकून वैशाली रडली. कारण त्याआधी मामीजींचा तिला फोन आला होता. मामीजी कधी तक्रार करणाऱ्या नाहीत, पण त्या दिवशी हमसाहमशी रडत होत्या. 'मले नाई जायाचं पुण्याले. नवव्या मजल्यावर मी काय करू माय? कबुतरं मोजू?' चाळीस वर्षं त्या त्याच घरात राहिलेल्या. समोरच्या काकू, भिशीच्या बाया, दारावर येणारी आणि यांच्याशी भांडल्याशिवाय पुढे न जाणारी भाजीवाली, सगळं सोडायचं. पण यांची तब्येत म्हटल्यावर त्या मामाजींसमोर एक अक्षर बोलल्या नाहीत.

आम्ही कागद घेऊन गेलो. अभय पुण्याहून गाडी घेऊन आला होता. घरात अर्धं सामान बांधलेलं. भांड्यांच्या पोत्यांवर पोती. मामाजी खुर्चीत बसले होते, मी दिलेल्या काठीवर दोन्ही हात ठेवून. हाच माणूस दोन महिन्यांपूर्वी मला स्कूटरवर मागे बसवून पान खायला घेऊन गेला होता.

मी कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. मामाजींनी हातानं थांबवलं. म्हणाले, सही करतो, पण सहीच्या आधी एकदा शेवटचा गेम खेळतो. अभयनं लॅपटॉप आणून समोर ठेवला. मामाजींनी बटण दाबलं. टक, टक, टक. खेळ खलास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. 'पा, जवाईबुवा. असं हाय आता.'

मी म्हटलं, मामाजी, असं होतं कधी कधी, द्या इकडे, मी दाखवतो. सरसावून बसलो. बटण दाबलं. टक, टक, टक.

मी परत दाबलं. परत तेच. टोपली जागची हलली नव्हती. अरे, मलाही झालं की काय? अभय म्हणाला, हटा भाऊजी. तो पुण्याचा आयटीवाला, दिवसभर बोटंच चालवतो. त्याचंही तेच. तो आपल्या बोटांकडे पाहायला लागला. वैशालीनं बसून पाहिलं. टक, टक, टक. अभय हळूच म्हणाला की हे घराण्यातच असावं. मी म्हणालो, मी तर तुमच्या घराण्यातला नाही! तो म्हणाला, मग पाण्यात असेल.

एवढ्या वेळ मामीजी पोत्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्या खाली मान घालूनच बोलल्या.

'पयले असे नव्हते पडत. एक संत्रा पडे, मी एक शेंग सोलो, मंग दुसरा पडे. आता तं गारपीटच सुरू हाय.'

मी विचारलं, 'मामीजी, पहिल्या दिवसापासून?'

'हो जी. तुमी बसवून देल्लं तवापासून.'

'मंग सांगितलं काहून नाही कोणी?'

'जवायानं मन लावून करून देल्लं. त्याले नाव कसं ठेवाव?'

मी बसल्या जागी पाणी पाणी झालो. जास्तीत जास्त! मीच टिचकी मारली होती! जुना गेम जुन्या मशीनच्या चालीनं चालायला बनवलेला. मशीन जेवढं पळेल तेवढी संत्री पळणार. आणि मी बैलगाडीच्या जागी विमान जोडून दिलं होतं. दोन महिने तो बिचारा माणूस विमानातून पडणारी संत्री झेलायला पाहत होता, आणि मी त्याला काठी पाठवली. शरीर थकतं म्हणालो!

मी सेटिंग उघडलं आणि स्पीड खाली ओढला. आधी फारच खाली गेला, संत्रं हवेतच लटकून राहिलं. मामीजी म्हणाल्या, अजून जरा. वर नेला. त्या शेंगा सोलत गेल्या, मी वर-खाली करत गेलो. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, 'बस. असाच होता.'

मामाजी बसले. एक संत्रं टोपलीत. दुसरं. तिसरं. टोपली अशी सरकत होती की पाहत राहावं. एकही खाली नाही. त्यांचा चेहरा मात्र तसाच. खेळता खेळता थांबले, हात मागे घेतला, आणि शांतपणे म्हणाले, 'जवाईबुवा, तुमी माह्या समाधानासाठी गेम हळू केला. मले समजते.'

अरे देवा! मी हात जोडले. सांगितलं, मामाजी, चूक माझी, स्पीड मीच वाढवून ठेवला होता, हा खरा स्पीड आहे. मामाजी म्हणाले, लेकासारखे आहात म्हणून सगळं आपल्या अंगावर घेता. अभयही म्हणाला, भाऊजी खरंच मोठ्या मनाचे. मी शपथ घेतली. वकिलाच्या शपथेवर घरात कोणाचा विश्वास बसतो? मामाजींनी सहीसाठी पेन मागितला. मामीजींची शेंग हातातच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सगळं पुणं होतं, नववा मजला आणि कबुतरं धरून.

मग मला युक्ती सुचली. मी म्हटलं, मामाजी, हा स्पीड सोपा आहे असं तुम्हाला वाटतं ना? ठीक. मी खेळतो. माझं वय सत्तेचाळीस, हात धडधाकट. सोपा असेल तर मी सगळी झेलेन. मग करा सही. मनात म्हटलं, एखाद-दोन मुद्दाम सोडू, म्हणजे गेम वाटतो तेवढा सोपा नाही हे त्यांना पटेल.

मी बसलो. मुद्दाम सोडायची वेळच आली नाही. पहिलं संत्रं उजवीकडे पडलं, मी डावीकडे होतो. दुसऱ्याला गाठायला धावलो तो टोपली पार भिंतीला जाऊन चिकटली. तिसरं डोक्यावरून गेलं. खलास. मी पुन्हा बसलो, अगदी जीव लावून, जीभ दातात धरून. खलास. तिसऱ्यांदा वैशाली म्हणाली, पुरे ना हो. पण मी पेटलो होतो. खलास!

मामाजींनी काठी बाजूला ठेवली. लॅपटॉप ओढला, त्याच स्पीडवर खेळले, आणि सगळी संत्री झेलली. मग पुन्हा मला बसवलं. मी पुन्हा हरलो. पुन्हा ते बसले आणि पुन्हा जिंकले. हळूहळू त्यांचे खांदे सरळ झाले. चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या, आणि वैशालीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मग माझे कागद नीट घडी करून माझ्याच हातात दिले आणि अंगणात गेले. ताडपत्रीची दोरी सुटल्याचा आवाज आला. स्कूटर चालू झाल्याचा आला. मामीजी पदर खोचत धावल्या, आणि दोघं भाजीबाजाराच्या दिशेनं गेलीसुद्धा. अभय पोत्यांवरच्या दोऱ्या कापायला बसला. पुण्याला तो एकटाच परत गेला, लोणच्याची बरणी घेऊन.

सगळं छान झालं, नाही का? तुमचं झालं हो छान. आता माझं ऐका.

आम्ही अकोल्याला निघालो. मी गाडीच्या दाराला हात लावला तर मामाजींनी किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. अगदी प्रेमानं. म्हणाले, 'तुमी बाजूले बसा. मी सोडून देतो.'

मी म्हटलं, 'मामाजी, मला काही झालेलं नाही.'

'सुरुवातीले मीबी असंच म्हणो.'

आता मी काय बोलणार? मी ठणठणीत आहे हे सिद्ध केलं की त्यांचं जिंकणं खोटं ठरलं, आणि ते खोटं ठरलं की परत पुणं. मामीजी फाटकात उभ्या होत्या. मी निमूटपणे बाजूच्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला. मागे वैशाली खिडकीकडे तोंड करून इतकी हसत होती की तिचे खांदे हलत होते. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मामाजी अशी गाडी हाणत होते की ट्रकवाले बाजू देत होते. वाटेत त्यांनी मला मोठ्या मायेनं समजावलं की शरीर आहे, आज ना उद्या थकणारच, हट्ट करू नये. मी 'हो जी, बरोबर आहे' म्हणत राहिलो. जठारपेठेत आमच्या दारात उतरून त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की यांच्याकडे जरा लक्ष ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते अमरावतीला परत गेले.

तेव्हापासून आम्ही सासरी निघालो की मामाजी आदल्या दिवशी ट्रेननं अकोल्याला येतात, आणि मला माझ्याच गाडीतून, बाजूला बसवून घेऊन जातात.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, एका म्हाताऱ्या माणसाच्या आनंदासाठी आजाऱ्याचं सोंग घेता, धन्य आहे तुमची! मीही पहिले काही दिवस स्वतःला हेच सांगत होतो. पण तुमच्यापासून काय लपवायचं? तो गेम मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आहे. कोर्टातून आलो की खोलीचं दार लावतो आणि खेळतो. स्पीड मामाजींच्या निम्म्यावर ठेवला आहे.

परवा पहिल्यांदाच एक संत्रं झेललं. आनंदानं इतका ओरडलो की बायकोनं घाबरून मामाजींनाच फोन लावला.